पांझरेच्या पुलावर माय बोलत होती

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे माझ्या मायने दोन केळी खाल्ली आणि त्यामुळे आम्हाला धुळं बघायला मिळालं.

आदल्या संध्याकाळी माय आणि माझे वडील आबा शिरपूरकडच्या आमच्या गावाहून आले होते आणि मी जळगावहून शाळेतून रजा टाकून आले होते. दवाखान्यात खाट मिळाली, कागद झाले आणि नर्सने सांगितलं की रात्री बारानंतर पोटात काहीही जाता कामा नये. मायने मान हलवली. नियम पाळण्याच्या बाबतीत ती कडक आहे. उलट आबांनाच तिने बजावलं की तुम्हीही माझ्यासमोर चहा पिऊ नका.

सकाळी सहाला नर्स आली. काही खाल्लं का, तिने विचारलं. "नही." चहा? "नही." पाणी? "थेंब नही," माय म्हणाली, आणि ते इतक्या अभिमानाने की जणू आता तिला बक्षीस मिळणार होतं. मग नर्सचं लक्ष खिडकीच्या कट्ट्याकडे गेलं. तिथे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर केळ्याची दोन सालं नीट घडी घालून ठेवली होती.

"ही कोणी खाल्ली?"

"मी खादी," माय म्हणाली. "पन ते केयं शे ना बाई! केयं खावाले काय जेवन म्हनतस का?"

नर्स माझ्याकडे बघू लागली. मी आबांकडे बघितलं. आबा छताकडे बघत होते. आमची केळीची बाग आहे. घरात बाराही महिने घड टांगलेला असतो आणि येता-जाता माणूस एखादं केळं तोडून तोंडात टाकतो. त्याला खाणं म्हणत नाहीत. 'सकाळपासून काही खाल्लं नाही' असं आमच्या गावात कोणी म्हणालं, तर त्याने निदान तीन केळी खाल्लेली असतात. माय खोटं बोलली नव्हती, एवढं मी शपथेवर सांगू शकते. ते नर्सला कसं समजावायचं ते मात्र मला सुचेना.

सर्जन आले, त्यांनी सालं बघितली, आधी हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले की भूल देताना पोट भरलेलं असलं तर जिवावर बेतू शकतं. "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. आज जेवा, फिरा, धुळं बघा. सहाच्या आत परत या. आणि काकू, केळीसुद्धा खाण्यातच धरायची."

मायच्या गळ्याला गाठ होती. दोन-तीन वर्षांपासून वाढत होती. तपासणीत साधीच निघाली, पण आता ती आतून श्वासनळीला दाबायला लागली होती आणि मायला घास गिळताना त्रास व्हायचा. काढणं भाग होतं. हे सगळं मायला माहीत होतं. एक गोष्ट मात्र सर्जनने तिला न सांगता, आदल्या संध्याकाळी मला आणि आबांना बाजूच्या खोलीत बोलावून सांगितली होती. आवाजाची नस त्या गाठीला अगदी चिकटून जाते. सहसा काही होत नाही. पण कधीकधी आवाज बसतो, काही आठवडे, काही महिने, आणि क्वचित कायमचा.

माझ्या मायचा आवाज. तिच्या आवाजावर आमचं घर चालतं. ती ओट्यावरून हाक मारते ती बागेच्या टोकाला ऐकू जाते. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला वाजतगाजत नदीवर नेतात, आणि आमच्या गल्लीची गाणी गेली कितीतरी वर्षं तीच उचलते. बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणतात. तिला शाळा मिळाली नाही, शेत तिच्या नावावर नाही, पण त्या सकाळी अख्खी गल्ली तिच्या मागून चालते. तो आवाज गेला तर मायचं काय उरणार, हा प्रश्न त्या खोलीत मला पडला आणि मी तो आबांना विचारला नाही. आम्ही दोघांनी एवढंच ठरवलं की मायला यातलं काही सांगायचं नाही. उगाच घाबरेल.

तर आता आमच्या हातात एक अख्खा मोकळा दिवस होता. मी भूगोल शिकवते, त्यामुळे मला कुठेही नेऊन सोडलं तरी मी आधी यादी करते. पांझरा नदी, काठावरचं एकवीरा देवीचं देऊळ, झुलता पूल, आग्रा रोडचा बाजार. मी ती यादी मायला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चाल, तू लयी जाय तथा येस." बाई एवढ्या सहज तयार झाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दवाखान्याबाहेर रिक्षा केली. रिक्षा वळणावर पोहोचायच्या आत मायने रिक्षावाल्याला विचारलं, "भाऊ, तुम्हनं गाव कोनतं?"

"सोनगीर शे, अक्का."

"सोनगीर? मन्ही मावसबहीनले तथाच दियेल शे!"

खानदेशात हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी कोणाशी बोलत नाही, आणि एकदा गाव कळलं की नातं निघाल्याशिवाय कोणी थांबत नाही. दुसऱ्या चौकात कळलं की रिक्षावाल्याचं घर त्या मावसबहिणीच्या घरामागेच आहे. तिसऱ्या चौकात माय त्याची मावशी झाली होती. माझ्या यादीला त्यानंतर काही अर्थ राहिला नाही. "मावशीले धुये मी दखाडस," तो म्हणाला, आणि मला 'ताई, तुम्ही निवांत बसा' म्हणून मागे बसवलं. मी आधीच मागे बसले होते.

त्याने आधी गल्ल्या दाखवल्या. धुळ्यात जुन्या भागातल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत आणि त्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. आबा पहिल्यांदाच काहीतरी बोलले. "सरी चांगली काढेल शे," ते म्हणाले. केळीच्या बागेत ओळी सरळ असल्या की आबा असंच म्हणतात.

मग नदी. आम्ही तापीकाठची माणसं. तापीला पूर येतो तेव्हा पलीकडचं झाड दिसत नाही. त्यामुळे पांझरेत जानेवारी महिन्यातलं पाणी बघून मायने जे तोंड केलं, ते रिक्षावाल्याच्या मनाला लागलं.

"हाई नदी शे? इतलंसं पानी?"

"मावशी, पावसायामा या, मंग सांगा."

मी म्हटलं, आता माझी पाळी. पांझरा सह्याद्रीच्या बाजूने येते, धुळ्यातून जाते आणि पुढे तापीलाच मिळते, हे मी सातवीच्या वर्गाला सांगते तसं सांगितलं. मग मायने पदर सावरला आणि नदीला हात जोडले. "मंग ते आपलाच घर जाई ऱ्हायनी," ती म्हणाली आणि लगेच माझ्यावर उलटली, "तिले नाव ठेवू नको व!" नावं कोणी ठेवली होती ते सांगायची सोय नव्हती.

देवळात गर्दी नव्हती. माय एकवीरेसमोर उभी राहिली आणि शेजारणीशी बोलावं तशी मोठ्याने बोलायला लागली. सकाळी माझं ऑपरेशन आहे, केळी खाल्ली म्हणून आज राहिलं, तुला तर माहीतच आहे, डॉक्टर पोरगा चांगला दिसतो, पण तू लक्ष ठेव. पुजारी ऐकत होता. मागे उभी असलेली एक बाई ऐकत होती, तिने मायला विचारलं की कोणती गाठ, आणि तिच्या नणंदेलाही झाली होती म्हणून दोघी पायरीवर बसल्या. अर्धा तास. मी घड्याळ बघत होते. आबा खांबाला टेकून हातात मोबाइल घेऊन उभे होते. आबांना फोटो काढता येतात हे मला माहीत नव्हतं. मला बरं वाटलं.

झुलता पूल नदीवर पायी जाणाऱ्यांसाठी आहे. आबा त्यावर यायला तयार नव्हते. "माले चक्कर येस," म्हणाले आणि काठावरच थांबले. माय मात्र निघाली, हातात चपला घेऊन. चपला कशाला काढल्या ते विचारू नका. अर्ध्यावर गेल्यावर ती वळली आणि कठड्याला धरून तिने ओरडून सांगितलं, "ओ! आयकं का! या ना! काही नही व्हस! मी उभी शे ना!"

पुलावरची सगळी माणसं वळली. कॉलेजच्या दोन मुली हसायला लागल्या. आबा काठावरून हलले नाहीत. त्यांनी मोबाइल तेवढा आमच्या दिशेने लांब धरला होता. आणि माझी चिडचिड झाली. माझा हा स्वभावच आहे, आईबरोबर चारचौघांत असले की मी पुन्हा पंधरा वर्षांची होते. मी म्हणाले, "माय, जरा कमी बोल ना. सगळे बघताहेत."

ती गप्प बसली. रागावली नाही, तोंड पाडलं नाही, फक्त गप्प बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. पूल हलत होता, खाली बगळे उभे होते, आणि माय बोलत नव्हती. उद्यानंतर हे असंच असेल का? आजच्या दिवशी मी तिला गप्प बसवलं? मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी काहीबाही विचारायला लागले. बगळ्याला अहिराणीत काय म्हणतात, ती मावसबहीण कोणती, सोनगीरची की नंदुरबारची. मायने माझ्याकडे बघितलं. "तुले काय व्हयनं व?" म्हणाली, आणि मग मावसबहिणीचं लग्न, त्यातलं भांडण, त्या भांडणातलं पातेलं असं सगळं सुरू झालं. ते मी पूल संपेपर्यंत आणि परत येईपर्यंत ऐकलं. इतकं लक्ष देऊन मी मायचं बोलणं याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी रिक्षावाल्याने भरीत खायला नेलं. मायने पहिल्या घासालाच निकाल दिला की वांगी गॅसवर भाजली आहेत, कपाशीच्या वाळल्या काट्यांवर नाही, आणि हा निकाल तिने आत जाऊन आचाऱ्यालाच ऐकवला. आचारी साक्रीकडचा निघाला. नातं लागलं नाही, पण ओळख निघाली, आणि आम्हाला ठेच्याची वाटी जास्त आली. माय मात्र हळूहळू, छोटे घास करून, प्रत्येक घासामागे पाणी पिऊन जेवत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरी ती गेले कित्येक महिने केळ्यांवरच दिवस काढत असणार. केळं गिळायला सोपं जातं. ती हे कोणालाच बोलली नव्हती.

पावणेसहाला आम्ही परत आलो. रिक्षावाल्याने मायच्या पाया पडून उद्या डबा आणतो म्हणून सांगितलं. माय खाटेवर आडवी झाली आणि आबांनी मोबाइल माझ्याकडे दिला. "चार्ज कर, बठ्ठी बॅटरी गयी."

मोबाइल सारखा थरथरत होता. मी म्हटलं, आबांनी काढलेले फोटो तरी बघू. एकही फोटो नव्हता. पण 'केळी भाव' नावाच्या ग्रुपवर आबांच्या नावाने ओळीने आवाजाचे निरोप होते. हा ग्रुप गावच्या केळी उत्पादकांचा आणि व्यापाऱ्यांचा. आबांना टाइप करता येत नाही, म्हणून ते रोज बटण दाबून भाव बोलतात आणि पाठवतात. मोबाइलवर आवाज भरून ठेवायची दुसरी कुठलीही पद्धत त्यांना येत नाही.

मी एक निरोप लावला. त्यातून माय मोठ्याने देवीला सांगत होती की डॉक्टर पोरगा चांगला दिसतो. दुसरा लावला. "ओ! आयकं का! या ना!" तिसऱ्यात भरताचा निकाल होता. आबांनी दिवसभर मायचं बोलणं भरून घेतलं होतं आणि केळीच्या ग्रुपवर टाकलं होतं. खाली गावाची उत्तरं होती. कोणी विचारत होतं, आबा, आज भाव नही का? कोणी लिहिलं होतं, वहिनी, पुलावर जपीसन चाला. एका व्यापाऱ्याने भरताच्या बाबतीत मायशी सहमती दर्शवली होती. आणि मग एक निरोप आपोआप पुढे सुरू झाला, आमच्या शेजारच्या काकांचा, मोठ्या आवाजात. "आबा, तुम्हीन सकायले सांगं ते आयकं. कायजी करू नका. वहिनीना आवाज कथा जास नही!"

माय खाटेवर उठून बसली होती.

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "माले दुसरं रेकॉर्ड करता येस नही. आनि तथा काहीच हरपस नही. मागला सालना भाव बी अजून शेतस."

मला रडू आलं. मी भिंतीकडे तोंड केलं, पण ते लपणारं रडू नव्हतं.

"माले कालच मालूम व्हतं," माय म्हणाली.

रात्रपाळीच्या नर्सची आई मायच्या माहेरची निघाली होती. पहिल्याच रात्री, आम्ही दोघं झोपल्यावर, मायने तिला गाव विचारलं होतं आणि तासाभरात नस, गाठ, आवाज, सगळं काढून घेतलं होतं. खानदेशातल्या दवाखान्यात खानदेशी बाईपासून काही लपवून ठेवायचं आम्ही ठरवलं होतं, ते कोणत्या भरवशावर, देव जाणे.

"मंग तू बोलनी कसाले नही?" आबांनी विचारलं.

"तुम्ही दोन्ही इतलं लपाडी ऱ्हायनात. म्हनं कसाले मोडू." ती हसली आणि मग हसू संपलं. "भ्याव लागस माले," ती म्हणाली. "कानबाईले मी नही गायनी त कोन गाई?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. आबांनी तिचे पाय चेपायला घेतले. माझ्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. थोड्या वेळाने मायने माझ्या हातातून मोबाइल घेतला, बटण कुठलं ते विचारलं आणि ग्रुपला स्वतःच निरोप पाठवला. "आयका रे बठ्ठा! सकाय मन्हं ऑपरेशन शे. मन्हा आवाज तुम्हनाकडे शे, जपीसन ठेवा. आनि भाव बी टाका, मन्हा पायी धंदा बंद पाडू नका." गावाने रात्रभर हसून घेतलं असणार.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. गाठ निघाली, घास मोकळा झाला. संध्याकाळी सर्जन म्हणाले, काकू, काहीतरी बोला. मायने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. नस ताणली गेली आहे, येईल आवाज, थांबावं लागेल, असं ते म्हणाले. आम्ही थांबलो. माय टाळ्या वाजवून आबांना बोलवायला लागली आणि तिच्या टाळ्यांतही राग, घाई आणि चौकशी वेगवेगळी कळायची. होळीच्या सुमाराला आवाज आला. पण तो पहिला नव्हता. जाड, खालचा, जरासा घोगरा. फोनवर एका व्यापाऱ्याने तिलाच 'आबा' म्हणून भाव विचारला आणि मायने न चुकता भाव सांगितला. तपासणीला धुळ्याला गेलो तेव्हा सर्जन म्हणाले की आता हा एवढाच, वरचे सूर यायचे नाहीत.

श्रावणात मी गावी गेले. कानबाई बसली, रोटांचा नैवेद्य झाला. सकाळी देवी डोक्यावर घेऊन सगळी गल्ली नदीकडे निघाली. गाणं कोणी उचलायचं, हे कोणी विचारलं नाही आणि मायने उचललं. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला चाल वर चढते, तिथे तिचा आवाज थांबला. सगळ्या बाया थांबल्या. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, सगळ्या रस्त्याकडे बघत होत्या.

मायने घसा खाकरला आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून उचललं, पण खूप खालून. बायांना आधी ती पट्टी सापडेना. एकीचा आवाज फाटला, एक हसली. मग शेजारची काकू खाली उतरली, तिच्यामागे दुसरी, आणि दोन ओळींत सगळी गल्ली मायच्या नव्या आवाजाजवळ आली. गाणं तेच होतं, पण मी ते असं कधी ऐकलं नव्हतं.

मी कडेने चालत होते. मी कधीच गात नसे. लहानपणी दोनदा गायला गेले होते, पण मायची पट्टी इतकी वर असायची की माझा आवाज तिथवर जाईना. तेव्हा ती हसून म्हणाली होती, "तू टाया वाजाड." मग मी इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या. त्या सकाळी तिसरी ओळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी म्हणते आहे. ओढाताण नव्हती, आवाज फाटत नव्हता. मायने चालता चालता मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती थांबली नाही, मला जागा करून देत जराशी बाजूला सरकली, आणि आम्ही दोघी एका पट्टीत गात तापीवर गेलो.